अंगणातील हिरवळ आणि पाण्याचे माप

वाशीम जिल्ह्यात बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांत पडतो. उन्हाळ्यात विहिरींचे पाणी खोल जाते आणि पाण्याची खेप गृहिणीच्या डोक्यावर येते. म्हणून अंगणातील हिरवळीस व परसबागेस पाणी मोजूनच द्यावे.

१ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर होय. १० चौरस मीटर हरळीस १५ मिलिमीटर पाणी द्यावयाचे तर १५० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या १० बादल्या लागतात. रबरी नळीने अशी बादली १ मिनिटात भरत असेल, तर १० मिनिटे पुरेत. काळी जमीन भिजून फुगली की पाणी सावकाश शोषते. पाणी वाहू लागताच नळी थांबवावी व उरलेले पाणी काही वेळाने द्यावे.

साधन जागा पाहून निवडावे. लहान वाफ्यास बारीक छिद्रांची झारी, मोठ्या हिरवळीस तुषार फवारा योग्य होय. फवाऱ्याखाली सारख्या आकाराचे डबे ठेवल्यास पाणी सर्वत्र सारखे पडते की नाही, हे कळते. वेलभाज्यांजवळ मातीचे कोरे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे व झाकावे. पाणी झिरपत मुळांशी पोहोचते. पाणी शक्यतो पहाटे द्यावे, म्हणजे उन्हावाऱ्याने कमी उडते.

टंचाई पडल्यास हरळी खुशाल पिवळी पडू द्यावी. तिच्या जमिनीतील काशा पावसाबरोबर पुन्हा फुटतात. सुकलेला भाजीचा वाफा मात्र परत येत नाही. ग्रामसेवकांनी हा विवेक घरोघरी समजावून द्यावा.