पाठीवर पिठ्ठू, पायाला चीर

सातारा जिल्ह्यात संसार करणाऱ्या बाईला फौज म्हणजे काय हे कुणी सांगावं लागत नाही. कुणाचा दीर, कुणाचा भाऊ, कुणाचा जावई पलटणीत असतोच. पहाटे सडा टाकायला दार उघडावं तर रस्त्यानं पोरांची रांग धावत चाललेली. ती बहुतेक भरतीची पोरं. १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढले की पूर्ण गुण, एवढं गणित त्यांच्या आयांनाही पाठ झालेलं आहे. पण त्या रांगेमागून कधी कधी आणखी एखादा जण दिसतो. हा पळत नाही. पाठीवर भलंमोठं ओझं बांधून, मान खाली घालून, झपाझप यवतेश्वरचा घाट चढत असतो. हा आधीच फौजेत असलेला, रजेवर आलेला जवान. त्याला 'पॅरा एस. एफ.'मध्ये जायचं असतं.

आमच्या घरातच असा एक आहे. माझ्या मोठ्या जाऊबाईंचा मुलगा, वय चोवीस. गेल्या वैशाखात त्याचं लग्न झालं. पुरुषमंडळी या गोष्टी मर्दुमकीच्या भाषेत बोलतात; पण मुलगा लंगडत घरी आला की शेकायला पाणी कोण तापवतं? म्हणूनच हा विषय आपल्या पानांत यावा असं मला वाटलं.

आधी थोडी माहिती सांगते. पॅराशूट रेजिमेंट ही विमानातून छत्रीनं उतरणारी फौज, आणि तिच्यातल्या 'स्पेशल फोर्सेस' पलटणी म्हणजे निवडकांतले निवडक. इथे कुणाला हुकमानं पाठवत नाहीत; जवानानं आपणहून नाव द्यायचं असतं. मग तीन महिन्यांचं प्रोबेशन. अपुरी झोप, पाठीवर सामान, हातात रायफल, आणि मैलोनमैल चाल. बरेचसे उमेदवार गळतात आणि आपापल्या जुन्या पलटणीत परततात. त्यात कमीपणा काही नाही. टिकतात त्यांना ती लालसर तपकिरी टोपी आणि 'बलिदान' हे चिन्ह मिळतं. या फौजेशी आपल्या मराठी माणसांचं नातं जुनं आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण पुढे दुसरी पॅरा झाली, आणि ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलला तिनंच उड्या घेतल्या. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक हे याच स्पेशल फोर्सेसमधले. नोव्हेंबर २०१५ मध्ये ते कुपवाड्याला शहीद झाले. दोन मुलांच्या आई असलेल्या त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी त्यानंतर चेन्नईला प्रशिक्षण पुरं केलं आणि २०१७ साली त्या स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. ते प्रशिक्षणही धावण्याचं आणि ओझ्याचंच असतं, बरं का!

तर ओझ्याविषयी. फौजेत पाठीवरच्या पिशवीला पिठ्ठू म्हणतात. आमच्या पुतण्यानं घरी आल्यावर जुनी सॅक काढली, तिच्यात वाळूच्या पिशव्या भरल्या आणि पहिल्याच दिवशी वीस किलो घेऊन घाट चढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी ओझं घेऊन चक्क पळाला. रजा साठ दिवसांची, त्यामुळे घाई. जाऊबाई मात्र म्हणत होत्या, "अरे, गाढवालासुद्धा पहिल्या दिवशी एवढं लादत नाहीत."

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. धावताना प्रत्येक पावलाला पायावर अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर येतो. हा मार सोसून हाड मजबूत होतं खरं, पण लगेच नाही. शरीर आधी हाडाचा थकलेला भाग पोखरून काढतं आणि मगच तिथे नवा भरतं. पोखरणं झालेलं आणि भरणं व्हायचंय, असे मधले काही आठवडे हाड उलट नाजूक असतं. जुनी भिंत पाडून नवी घालताना मधे काही दिवस घर उघडं पडतं, तसंच. फुप्फुसं आणि स्नायू महिन्याभरात तयार होतात, हाड मागे राहतं. मुलाला वाटतं आता दम आला, आता वाढवू. आणि नेमकी तेव्हाच चीर पडते.

हे दुखणं आजकालचंही नाही. प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरनं १८५५ साली लांब कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या पायांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. क्ष-किरणांचा शोध तोवर लागलाच नव्हता. पुढे १८९७ मध्ये त्या सुजेमागे पावलाच्या हाडांतल्या बारीक चिरा आहेत हे क्ष-किरणांच्या फोटोत दिसलं. आजचं नाव स्ट्रेस फ्रॅक्चर.

आमच्याकडे चौथ्या आठवड्यात पुतण्या उजवी नडगी धरून बसला. गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तो स्वच्छ. क्रेप बँडेज बांधलं, गोळ्या दिल्या. गोळी घेतली की दुखणं थांबायचं, आणि थांबलं की हा पुन्हा घाटात. इथे लक्ष द्या. अशी चीर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही, एम. आर. आय.मध्ये दिसते. त्यामुळे 'फोटोत काही नाही' म्हणजे 'पायाला काही नाही' असं धरून चालू नये. आणि दुखणं मारायची गोळी घेऊन धावायला जाणं म्हणजे कुकरच्या शिट्टीवर बोट दाबून धरणं.

साधा नडगीचा ठणका आणि चीर यांतला फरक घरीही थोडाफार कळतो. कुठे दुखतं असं विचारल्यावर मुलानं अख्खा तळवा नडगीवरून वरखाली फिरवला, चालायला लागल्यावर पाय मोकळा झाला, तर तो बहुधा नुसता ताण असतो. चार-सहा दिवस विश्रांती, बर्फाचा शेक, हळूहळू पुन्हा सुरुवात. पण त्यानं एका बोटानं एकच जागा दाखवली, तिथे दाबल्यावर तो कळवळला, धावेल तसं दुखणं वाढत गेलं आणि रात्री निजल्यावरही ठणकलं, तर धावणं त्याच दिवशी बंद. जांघेत दुखत असेल तर तेवढाही वेळ काढू नका. खुब्याजवळच्या हाडाला चीर असली आणि ते पुरतं मोडलं तर ऑपरेशनवाचून गत्यंतर नसतं. आंबेहळदीचा लेप लावावा, त्यानं अपाय नाही. पण दुखऱ्या जागेवर जोर लावून चोळणारा हाडवैद्य नको.

शेवटी पुतण्याला लष्कराच्या रुग्णालयात जावंच लागलं. तिथे एम. आर. आय.मध्ये चीर निघाली. सहा आठवड्यांची सिक लीव्ह आणि पॅराचं नाव पुढच्या तुकडीवर ढकललेलं, असा कागद घेऊन तो घरी आला.

आता जे सांगते ते जाऊबाईंना विचारूनच लिहिते आहे. मुलगा तोंड पाडून बसला होता, आणि त्या स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाल्या, "बरं झालं बाई पाय दुखावला. देवीनं ऐकलं." त्यांनी नारळ बोलून ठेवला होता, कशासाठी, ते मी तोवर विचारलं नव्हतं. कोणत्या आईला नाही वाटणार तसं? साधा शिपाई म्हणून सीमेवर उभा राहतो तेवढं पुरे नाही का? मला त्यांचा राग आला नाही. वाईट वाटलं ते सुनेसाठी, कारण दारातून तिनं ते ऐकलं होतं.

बावीस वर्षांची पोर. तिनं सासूला उलट उत्तर केलं नाही. रात्री भांडी आवरताना मला म्हणाली, "काकू, ते गेले तर मलाही भीती वाटेल. पण पायापायी राहिले तर जन्मभर त्या घाटाकडे बघत बसतील, आणि शेजारी मी." दुसऱ्या दिवशी तिनं त्याचे धावायचे बूट उचलून आपल्या कपाटात कुलूपबंद केले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, रोज दोन आकडे लिहायला लागली: किती मिनिटं चालणं झालं आणि दहापैकी किती दुखलं. आकडा दोनच्या वर गेला की दुसऱ्या दिवशी सुट्टी. नवऱ्यानं पहिल्या दिवशी शून्य सांगितलं. तिनं त्याचा जिना उतरतानाचा चेहरा बघून तीन लिहिले!

त्या सहा आठवड्यांत तो नुसता पडून नव्हता. पायावर भार न घेता दम टिकवायची युक्ती फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिकवली. आधी विहिरीत पोहणं, मग दुखणं थांबल्यावर सायकल. पोट, कंबर, खुब्याचे स्नायू यांचे व्यायाम सतरंजीवर. अर्धा तास झपाझप चालून काही दुखलं नाही, तेव्हा कुठे एक मिनिट पळणं आणि चार मिनिटं चालणं. मग दोन आणि तीन. असं करत सलग धावणं आलं. पिठ्ठू सगळ्यात शेवटी, तोही आठवड्यातून एकदाच आणि अंगाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाचा, म्हणजे त्याला साधारण सहा-सात किलो. एका आठवड्यात वजन वाढवायचं किंवा अंतर, दोन्ही नाही. ओझं घेऊन पळायचं नाही, चालायचंच.

सॅक भरायचीही रीत आहे. जड वस्तू वर आणि पाठीला चिकटून. तळाशी भरली की माणूस मागे ओढला जातो आणि कंबर धरते. कमरेचा पट्टा आवळला की खांद्यांवरचा भार उतरतो. तो नसला तर पट्टे खांद्यातली नस दाबतात, हाताला मुंग्या येतात, कधी हात उचलेनासाही होतो. वाळू नुसती ओतायची नाही, ती हलते; पिशव्यांत घट्ट बांधून टॉवेलात गुंडाळायची. मोजे ओले झाले की बदलायचे. फोड आला तर त्याची कातडी ओढून काढायची नाही, ती खालच्या जखमेचं झाकण असते. लष्करी बूट नवे असले तर आधी घरात, मग बाजारापर्यंत, असे घालून मऊ करायचे.

खाण्याकडे वळते, कारण तिथे आपला हात चालतो. अमेरिकेच्या नौदलात नव्यानं दाखल झालेल्या पाच हजारांहून अधिक मुलींना घेऊन एक प्रयोग झाला. २००८ साली तो प्रसिद्ध झाला. निम्म्यांना रोज कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलं, निम्म्यांना नुसत्याच दिसायला तशा गोळ्या. पहिल्या गटात हाडाच्या चिरा पाचव्या हिश्शानं कमी झाल्या. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच; पण शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि मोठ्या पेलाभर दुधात तीनशेच्या आसपास, हे विसरू नका. जाऊबाईंनी नारळाचं मनातच ठेवून रोज सकाळी नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, मटकीची उसळ आणि दोन अंडी सुरू केली. पोटभर खाणं महत्त्वाचं. चपळ व्हायचं म्हणून जेवण तोडणारी मुलं हाडंही तोडून घेतात. तंबाखूची पुडी मात्र सुनेनं चुलीत घातली, कारण तंबाखूनं हाड जुळायला वेळ लागतो. झोपेचंही तसंच. इस्रायलच्या सैन्यात रंगरुटांना रात्री किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि एकूण कूच कमी केली, तेव्हा चिरांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

मुलींच्या आयांनी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. आता पोलीस भरतीला ८०० मीटर पळणाऱ्या मुली गल्लोगल्ली आहेत. २०२२ पासून एन. डी. ए.चं दारही त्यांना उघडलं आहे. सराव वाढला, खाणं कमी पडलं आणि पाळी दोन-तीन महिने चुकली, तर 'बरं झालं, कटकट गेली' म्हणून सोडून देऊ नका. शरीराला अन्न पुरत नाही, हाडं झिजताहेत, याची ती खूण असते. लाजेपायी मुलगी सांगत नाही, आपणच विचारायचं.

आणि ऊन. जुलै २०१३ मध्ये वेल्सच्या डोंगरात ब्रिटनच्या एस. ए. एस. या नामांकित पथकाच्या निवड-चाचणीत २६ किलोमीटरची कूच होती, पाठीवर सुमारे २२ किलो. त्या दिवशीच्या उष्म्यानं तीन जवान दगावले. वेल्सच्या उन्हात हे होतं, तर आपल्या वैशाखाचं काय सांगावं? पिठ्ठू पहाटेच. घरी आल्यावर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मुलगा असंबद्ध बोलू लागला, अंग तापलं, तर आधी सावलीत आणून अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि मग दवाखाना गाठा. लघवी काळ्या चहासारखी झाली तर स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण आलेला असतो. तेव्हाही थांबायचं नाही.

पुतण्या गेल्या महिन्यात पलटणीत परतला. पुढच्या तुकडीला अजून वेळ आहे, आणि तो त्यात टिकेल की नाही हे कुणाच्याच हाती नाही. निघताना जाऊबाईंनी नाचणीच्या पिठाची पाच किलोची पिशवी त्याच्या सॅकमध्ये घातली. त्यानं ती काढून तळातून वर, पाठीजवळ ठेवली.