मोडलेला खवाटा काय सांगतो?

पाठीचा खवाटा सहजासहजी मोडत नाही. शरीरातल्या एकूण हाडमोडींत त्याचा वाटा जेमतेम एक टक्का. जाड स्नायूंत दडलेलं आणि बरगड्यांवरून सरकणारं हे हाड मोडायला दणकाही तसाच जबर लागतो: भरधाव दुचाकीवरून फेकलं जाणं, उंचावरून पडणं. म्हणूनच १९८०च्या दशकात या हाडाचा धसका होता. खवाटा मोडलेल्यांपैकी १० ते १५ टक्के दगावतात, असं तेव्हाचे लेख सांगत. महाधमनी फाटली असेल, ही भीती तर कायमचीच.

आणि ज्याची एवढी धास्ती, तेच हाड नजरेतून सुटत होतं. १९८८ साली अमेरिकेत अशा १०० रुग्णांचे छातीचे पहिले एक्स-रे पुन्हा तपासले गेले. त्यांतल्या ४३ जणांचा मोडलेला खवाटा सुरुवातीला कुणाच्या लक्षातच आला नव्हता. बहुतेकांच्या फिल्मवर तो दिसत असूनही. असं का होतं, ते कॅज्युअल्टीत उभं राहिलं की समजतं. रुग्ण उताणा, पाठीखाली घाईघाईत सरकवलेली एक्स-रेची कॅसेट, खवाट्यावर बरगड्यांची सावली. त्यात डॉक्टरांचे डोळे फुप्फुस शोधत असतात. रुग्ण मात्र दुखऱ्या बाजूचा दंड दुसऱ्या हाताने छातीशी घट्ट धरून असतो. तेवढं पाहिलं तरी संशय यायला हवा.

पुढे सीटी स्कॅन सर्रास होऊ लागला, लपलेली मोड सापडू लागली आणि जुनी भीतीही तपासली गेली. १९९५ आणि २००३च्या तुलनात्मक अभ्यासांत खवाटा मोडलेल्यांच्या छातीला इजा जास्त आढळल्या, मृत्यू मात्र जास्त नव्हते. २००५च्या एका पाहणीत ३९२ जणांपैकी महाधमनीला इजा झालेले निघाले फक्त चार. जीव जातो तो डोक्याच्या, छातीच्या, पोटाच्या इजांनी. खवाटा फक्त दणका केवढा होता ते सांगतो. हे सांगणं मला फार मोलाचं वाटतं, कारण मुका मार लागलेलं फुप्फुस पहिल्या तासात ठीक दिसून पुढच्या एक-दोन दिवसांत बिघडू शकतं. असा रुग्ण बोलतोय-चालतोय म्हणून घरी धाडू नये.

उपचारांत त्या मानाने फारसं बदललं नाही. खांद्याच्या सांध्याची खोबण सरकली किंवा तुकडे फार हलले तरच शस्त्रक्रिया. एरवी स्नायूच हाड धरून ठेवतात आणि दीड-दोन महिन्यांत ते जुळतं. खंत आहे ती वेगळीच. इतकी वर्षं हिशेब मांडला गेला तो मुख्यतः रुग्ण वाचला की गेला, एवढाच. वाचलेल्याचा हात भांग पाडण्याइतका वर जातो का, हे मागाहून विचारलं जाऊ लागलं. झोळी दोन-तीन आठवड्यांत सुटायला हवी आणि लोंबत्या हाताचे हलके व्यायाम त्याआधीच सुरू व्हायला हवेत. पण बरगड्यांच्या दुखण्यापायी रुग्ण हात हलवत नाही आणि छातीत घातलेली नळी निघाली की खांद्याकडे पाहायचं राहून जातं.