राजदूतवर वरूड ते चिखलदरा

बाबांची राजदूत भंगारात घालायची की नाही, यावर आमच्या घरी दोन वर्षे वाद चालला होता. भंगारवाला वजनावर भाव सांगूनही गेला. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. पगारातून हप्ते फेडून त्यांनी १९७९ साली ही गाडी घेतली. आमच्या वस्तीतली ती पहिली मोटारसायकल. तिच्यावरून किती आजारी माणसे दवाखान्यात गेली, किती पोरे परीक्षेच्या केंद्रावर वेळेत पोचली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. शेवटी आम्ही ठरवले, निकाल गाडीनेच द्यावा. चिखलदऱ्याला जाऊन परत आली तर घरात राहील.

तरुण वाचकांसाठी थोडी माहिती. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कारखान्याने १९६० च्या दशकात पोलंडच्या एका गाडीच्या धर्तीवर राजदूत काढली. साधी, दणकट, दूधवाल्यांची आणि मास्तरांची गाडी. १९७३ च्या 'बॉबी' सिनेमातली छोटी राजदूत वेगळी, तशी ऐट बाबांच्या गाडीला कधीच नव्हती! सोबतीला मित्राची येझदी होती. ती म्हैसूरची, चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाडीच्या घराण्यातली. किक आणि गिअर एकाच दांडीवर. तो जुना कारखाना १९९६ साली बंद झाला. दोन्ही गाड्या टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागते, लिटरमागे साधारण ४० मिली.

जानेवारीतल्या एका पहाटे आम्ही वरूड सोडले. आमच्या मागे बारावीतली पुतणी. सामानात दोन प्लग, पाने, क्लच वायर, चेनचे लॉक, पॉलिश पेपर आणि पंक्चरचे साहित्य. मोर्शीपर्यंत रस्त्याकडेला संत्र्याचे बगीचे आणि थंडी. चांदूर बाजारच्या अलीकडे येझदीची क्लच वायर तुटली. मित्राने निघतानाच दुसरी वायर जुन्या वायरीला लागून बांधून ठेवली होती. दोन्ही टोके अडकवली, वीस मिनिटांत गाडी चालू.

परतवाड्याच्या पुढे घाट सुरू होण्याआधी राजदूत खोकली आणि बंद पडली. आम्ही किक मारमारून घामाघूम झालो. जवळच्या चहाच्या टपरीवर एक म्हातारे मिस्त्री बसले होते. ते उठून आले आणि म्हणाले, "भाऊ, तिले लाथा कायले मारता? आधी प्लग काहाडून पाहा."

प्लग काढला. काळाकुट्ट आणि ओला. मिस्त्री हसले. "मायेनं तेल जास्त पाजलं तुमी." खरेच होते. म्हातारे इंजिन म्हणून आम्ही हात सैल सोडून ऑइल ओतले होते. त्याची काजळी प्लगवर धरली होती.

मग त्यांनी जे शिकवले ते इथे सविस्तर लिहितो, कारण उपयोगी आहे. गाडी बंद पडली की आधी पेट्रोल बघायचे. प्लग ओला असेल तर पेट्रोल पोचते आहे. मग ठिणगी. प्लग वायरीला लावून त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवायचा आणि किक मारायची. मात्र सांडलेले पेट्रोल आधी पुसून घ्यावे. आमची ठिणगी पिवळी, मरतुकडी. म्हणजे नुसता प्लग बदलून भागणार नव्हते. मॅग्नेटच्या झाकणाआड सीबी पॉइंट असतात. त्यांची उघडझाप झाली की ठिणगी पडते. ते मळले होते. आमची बोटे जाड, आत जाईनात.

"पोरीले करू द्या," मिस्त्री म्हणाले.

पुतणीने पॉलिश पेपर घालून पॉइंट घासले, फटीचे माप ०.४ मिलिमीटरच्या आसपास बसवले. घरात भावाच्या हाती पाना आणि हिच्या हाती झाडू, हे आम्हीही चालू दिले होते. नवा प्लग लावला, ठिणगी निळी पडली. दुसऱ्या किकला गाडी बोलली. मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

चिखलदरा सुमारे अकराशे मीटर उंचीवर आहे. चढताना थांबत थांबत इंजिन निवू दिले. उतरताना मात्र दुसरीच काळजी. अशा गाडीत ऑइल पेट्रोलबरोबरच आत जाते. लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण मिटून ठेवला तर इंजिन कोरडे पडते आणि पिस्टन जाम होऊ शकतो. म्हणून मधून मधून थ्रॉटल द्यावा. १९५२ साली चे गव्हेरा आणि त्याचा मित्र जुन्या नॉर्टन मोटारसायकलवर दक्षिण अमेरिका पाहायला निघाले, तेव्हा त्यांची गाडी चिली देशात कायमची थांबली. पुढे ते मिळेल त्या वाहनाने गेले. आम्हाला ती पाळी आली नाही.

कागदांविषयीही सांगतो. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून ५-५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज नोंदणी मिळते, पण तिचे शुल्क २०,००० रुपये आणि गाडी रोजच्या वापरात चालत नाही. आमच्यासारख्यांनी साधी नोंदणीच चालू ठेवावी, असे आमचे मत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरूडला पोचलो. बाबा दारात उभे होते. गाडीकडे न पाहता त्यांनी मागच्या धुराकडे पाहिले.

"ऑइल जास्त टाकलं होतं ना रे?"

आम्ही काही बोललो नाही. पुतणी पाने पुसून डिक्कीत ठेवत होती.