धावावे की सायकल मारावी?

व्यायामाचा विषय काढला की आमचे कामगार बांधव हसतात. “दिवसभर अंग मोडते, वर आणखी व्यायाम कशाला?” सवाल रास्त आहे. त्याला उपदेशाने उत्तर देता येणार नाही. हिशेबच मांडला पाहिजे.

१९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या डबलडेकर बसवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. गाडी एकच; पण बसून असणाऱ्या ड्रायव्हरांत हृदयविकार अधिक, जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांत कमी. पायी वा सायकलवरून टपाल वाटणारे पोस्टमनही बैठ्या कारकुनांपेक्षा बरे निघाले. हृदयाला हालचाल हवी. ती पावलांनी झाली की पेडलने, याची त्याला फारशी फिकीर नाही.

मग फरक कोठे पडतो? हाडांत आणि सांध्यांत. धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार जमिनीवर येतो. त्या धक्क्याने हाडे बळकट होतात. सायकलवर वजन खोगीर पेलते, म्हणून गुडघे-घोटे सुखावतात. पण हाडांना तो ताण मिळत नाही. नुसती सायकलच चालवणाऱ्या शर्यतपटूंची हाडे कित्येकदा विरळ आढळतात, ती यामुळेच. बेताने धावल्यास निरोगी गुडघा झिजतो, हा समज मात्र खरा नाही. दुखापत बहुधा एकदम अंतर वाढवल्याने होते.

आता श्रमाचा हिशेब. साठ किलो वजनाचा माणूस एक किलोमीटर धावला, तर सुमारे साठ कॅलरी खर्च होतात. सपाट रस्त्यावर तेच अंतर सायकलने कापल्यास खर्च साधारण एक तृतीयांश. म्हणून थोडा वेळ असणाऱ्याने धावावे. वजन जास्त असेल, गुडघा दुखरा असेल, किंवा आठ तास उभ्याने काम असेल, त्याने सायकल धरावी आणि आठवड्यातून दोनदा झपाझप चालून जिने चढावेत, म्हणजे हाडांचीही सोय होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरदार व्यायाम सांगितला. दिवसाला पंचवीस मिनिटे! कामावर सायकलने जाणाऱ्याची ती जाता-येताच भरतात. ज्याला ओव्हरटाइमशिवाय घर चालवता येत नाही, त्याने ती कोठून आणावीत?

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. विश्रांती मागून, झगडून मिळवावी लागते, हा त्यातला धडा. तसेच व्यायामाचे आहे. धावायला मैदान हवे, सायकलला निर्धोक रस्ता हवा, आणि दोहोंना वेळ हवा. या तीन गोष्टी नगरपालिकेकडे व मालकांकडे मागणे हे आमचे काम आहे. तोवर घरात गंजत पडलेली सायकल पुसून बाहेर काढणे हे ज्याच्या त्याच्या हाती आहे.