ठाकूरची शाल आणि इटलीतला सूड

ठाकूरला हात नाहीत, हे ‘शोले’मध्ये आपल्याला कधी कळतं? पटकन उत्तर देऊ नका. चित्रपट सुरू होतो तोच एक जेलर आगगाडीतून उतरून ठाकूरला भेटायला येतो. दोघं बोलतात. ठाकूर समोर आहे, अंगावर शाल आहे, आणि शालीखाली हात नाहीत! पहिल्यांदा पाहणाऱ्याला शंकाही येत नाही. तीन तासांहून मोठ्या चित्रपटात मध्यंतराच्या आसपास पोचेपर्यंत ती शाल एवढं मोठं गुपित आपल्या डोळ्यांदेखत सांभाळते. हे जमतं कसं?

जमतं ते एका मालगाडीमुळे. जेलरशी बोलता बोलता ठाकूर जुनी आठवण सांगतो. जय आणि वीरू या दोन चोरांना बेड्या घालून तो मालगाडीतून नेत असतो आणि डाकू हल्ला करतात. रत्नागिरीजवळच्या पालीहून मुंबईला निघालं की हातखंबा, चिपळूण, महाड करत आपण पनवेलला पोचतो ना? त्याच पनवेलजवळ, मुंबई–पुणे लोहमार्गावर ही मारामारी चित्रित झाली. त्या एका प्रसंगाला सात आठवड्यांहून जास्त वेळ लागला. आपण श्वास रोखून घोडे आणि इंजिन पाहत बसतो, आणि त्या धुमश्चक्रीत ठाकूर दोन्ही हातांनी बंदूक चालवताना दिसतो. झालं! ‘या माणसाला हात आहेत’ ही नोंद मनात पक्की बसते. पुढे शालीकडे कोण बघतंय? मला तर वाटतं, या चित्रपटातली सगळ्यात मोठी हातचलाखी तीच आहे, आणि ती आपल्या रायगड जिल्ह्यात घडली.

गुपित असं दडवून सूडाची गोष्ट सांगण्याची ही तऱ्हा पिकली इटलीत. 1964 साली सेर्जिओ लिओने या दिग्दर्शकाने ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ काढला आणि त्यामागोमाग तिथे घोडे-पिस्तुलांच्या चित्रपटांची लाटच आली. दहा-बारा वर्षांत असे शेकडो चित्रपट निघाले. दिग्दर्शक इटलीचे, नट देशोदेशीचे, आणि टेक्सासचं वाळवंट म्हणून बऱ्याचदा स्पेनमधला अल्मेरिया! जुन्या अमेरिकन वेस्टर्नमध्ये नायक बहुधा कायद्याच्या बाजूने उभा असायचा. इटालियन नायकाला कायद्याशी देणंघेणं नव्हतं. त्याच्याकडे एक जखम होती, आणि ती कसली हे तो कुणालाच सांगत नव्हता. प्रेक्षकालासुद्धा नाही.

आपल्याकडे हापूस आढीत घालतात तेव्हा रोज गवत उपसून बघत नाहीत; एक दिवस घरभर वास सुटतो आणि कळतं, आता झालं. लिओने सूड असाच पिकत ठेवायचा. 1965 च्या ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’मध्ये खलनायकाकडे खिशातलं एक घड्याळ आहे. झाकण उघडलं की बारीक सूर वाजतो, आणि सूर थांबला की गोळी सुटते. तसंच दुसरं घड्याळ एका म्हाताऱ्या कर्नलकडेही का आहे? आत कुणाचा फोटो आहे? शेवटच्या द्वंद्वात कळतं की फोटो कर्नलच्या बहिणीचा आहे. तोवर तो सूर आपण इतक्यांदा ऐकलेला असतो की तिचं दुःख आधीच आपल्या कानात जाऊन बसलेलं असतं. संगीतकार एन्नियो मोरिकोनेने काय केलंय पाहा: घड्याळातून सुरू झालेला सूर हळूच वाद्यवृंदाच्या ताब्यात जातो, आणि गोष्टीतला आवाज कुठे संपला नि पार्श्वसंगीत कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही.

1968 च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मध्ये घड्याळाची जागा माउथ ऑर्गनने घेतली. नायक बोलत नाही, वाजवतो. अधूनमधून पडद्यावर एक धूसर आकृती चालत येते आणि दर खेपेला थोडी आणखी जवळ येते. ती कोण, हे अगदी शेवटी दिसतं. आणि ‘शोले’तला जय संध्याकाळी काय वाजवतो? माउथ ऑर्गनच!

या इटालियन चित्रपटांतला आवाज इतका जिवंत का, याचं कारण ऐकाल तर चकित व्हाल. इटलीत चित्रीकरणाच्या वेळचा आवाज वापरतच नसत. नट आपापल्या भाषेत बोलायचे आणि सगळं नंतर डब व्हायचं. म्हणजे दिग्दर्शकाच्या हाती कोरी पाटी! माशीची गुणगुण, टपकणारं पाणी, कुरकुरणारं चाक, सगळं निवडून एकेक करून ठेवलेलं. चेहऱ्यांचंही तसंच. ‘टेक्निस्कोप’ या इटालियन पद्धतीत एका चौकटीला निम्मीच फिल्म लागायची. हेतू पैसे वाचवण्याचा, पण साध्या भिंगांमुळे कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ जाऊ शकला आणि पडदाभर नुसते डोळे दिसू लागले.

आता ठाकूरच्या कुटुंबाची हत्या आठवा. लिओनेच्या 1968 च्या चित्रपटात एका शेतकऱ्याचं कुटुंब मारलं जातं: आधी रातकिडे एकदम गप्प होतात, मग गोळ्या, शेवटी एक लहान मुलगा उरतो, मारेकरी त्याच्यावर पिस्तूल रोखतो, आणि गोळीच्या आवाजातून आगगाडीची शिटी निघते. ‘शोले’चे दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनी तीच मांडणी रामगढच्या अंगणात आणली. झोपाळ्याची करकर, घोड्यावरचा डाकू गब्बर, शेवटी उरलेलं पोर आणि मग आगगाडी. फरक एवढाच की या गाडीतून ठाकूर घरी येतोय. मुलाला लागलेली गोळी आपण पाहत नाही, तरी ती पाहिल्यासारखी आठवते! ही संकलनाची करामत. संकलक होते एम. एस. शिंदे. सुमारे 3 लाख फूट फिल्ममधून त्यांनी 20 हजार फुटांच्या आसपासचा चित्रपट बाहेर काढला. ‘शोले’ला त्या वर्षी एकच फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तो शिंद्यांना. तो योग्य माणसाला मिळाला असं मी ठामपणे म्हणेन.

आणि त्या हातांचं काय? इटालियन सूडकथांना जायबंदी नायकाचं विलक्षण वेड होतं. सेर्जिओ कोर्बुचीच्या ‘जँगो’त (1966) नायकाचे हात ठेचले जातात आणि तशाच हातांनी तो स्मशानात शेवटची झुंज देतो. त्याच्याच ‘द ग्रेट सायलेन्स’चा नायक मुका आहे. ज्या अवयवाने सूड घ्यायचा तोच हिरावला तर? ‘शोले’चे लेखक सलीम-जावेद या प्रश्नाच्या टोकाला गेले. होळीच्या दिवशी बंदूक पायाशी पडलेली असूनही ठाकूर ती उचलत नाही, वीरू चिडतो, आणि मग सगळी हकीकत उलगडते आणि शेवटी वाऱ्याने शाल उडते.

मूळ शेवटात खिळे ठोकलेल्या बुटांनी ठाकूर गब्बरला संपवतो. पण 1975 च्या जूनमध्ये आणीबाणी लागली होती. एका माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घ्यावा हे सेन्सॉरला मान्य नव्हतं. शेवट नव्याने चित्रित झाला, ऐन वेळी पोलीस आले, आणि 15 ऑगस्टला चित्रपट लागला. मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला, पण तिथे रांगा लावणाऱ्यांनी पाहिला तो अर्ध्यावर थांबवलेला सूड.

पुढे ब्रिटनमधल्या एका गोदामात जुनी फिल्म सापडली, फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्सबरोबर ती दुरुस्त करवली, आणि 27 जून 2025 रोजी मूळ शेवटासह ‘शोले’ भर चौकात, उघड्या आभाळाखाली दाखवला गेला. पन्नास वर्षांनी ठाकूरने गब्बरला अखेर मारलं ते इटलीत, बोलोन्या शहरात!