शेगडी पेटती राहू द्या!

"दोन वेळा पोटभर जेवते, तरी अंगात ताकदच वाटत नाही." बल्लारपूरच काय, आपल्या साऱ्या चंद्रपूर-गडचिरोली भागात बायकांच्या तोंडून हे वाक्य नेहमी ऐकू येतं. घरची मंडळी त्याला आळस म्हणून मोकळी होतात. पण मैत्रिणींनो, खाल्लेल्या घासाची ताकद कशी होते हे कळलं, तर कारण वेगळंच निघू शकतं.

बल्लारपूर कोळशाचं गाव. शेगडीत कोळसा कितीही भरा, हवा नसेल तर तो पेटत नाही, हे इथे कुणाला सांगायला नको. शरीराचंही तसंच. भाताचं पचून ग्लुकोज होतं, वरणातल्या प्रथिनांची अमिनो आम्लं होतात. रक्त ती पेशीपेशीत पोचवतं. खरी शेगडी तिथेच असते. तिचं नाव मायटोकॉन्ड्रिया. श्वासातल्या ऑक्सिजनच्या मदतीने तिथे अन्न हळूहळू 'जळतं' आणि ऊर्जा मिळते. कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून बाहेर पडतो. या साऱ्या घडामोडींना चयापचय म्हणतात.

सगळं इंधन मात्र सारखं नसतं. मोहाचंच झाड घ्या. फुलात साखर, बियांत तेल. एक ग्रॅम साखरेतून ४ किलोकॅलरी मिळतात, तेवढ्याच तेलातून ९.

आपण झोपलो तरी शेगडी विझत नाही. हृदय, मेंदू, फुप्फुसं चालूच असतात. रात्री त्यांना साखर पुरवतं ते यकृत. सकाळी पाणी भरून, डबे करून अकरापर्यंत नुसत्या चहावर राहिलं, की हा साठा आटत जातो. मग शरीर चरबी वापरतं, काही प्रमाणात स्नायूही मोडतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या हिशेबानुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीला बैठ्या कामासाठी दिवसाला सुमारे १६६० किलोकॅलरी लागतात. मध्यम कामाला २१३०, तर अंगमेहनतीला २७२०. उन्हात तेंदूपत्ता तोडणारीने सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं खाल्लं तर हा हिशेब जुळणार कसा?

आणि पोट भरलं तरी हवेचा प्रश्न राहतोच. ऑक्सिजन वाहून नेतं हिमोग्लोबिन आणि त्याला लागतं लोह. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणजे कोळसा आहे, पण हवा अपुरी! दम लागणं, अंग गळून जाणं हा आळस नव्हे.

म्हणून सकाळी कामाला लागण्याआधी दोन घास खा. भाताबरोबर डाळ, पालेभाजी असू द्या, त्यावर लिंबू पिळा. लोह चांगलं शोषलं जातं. जेवणाला लागून चहा नको. थकवा जात नसेल तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासा. गरोदर नसलेल्या स्त्रीत ते १२ च्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात. आपल्या भागात सिकलसेलही आहे, तेव्हा ती तपासणीही करून घ्या. सिकलसेलच्या रुग्णाने लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत. वजन वाढतंय आणि थकवाही आहे, तर थायरॉइडबद्दल डॉक्टरांना विचारा.

घरातली चूल वेळेवर पेटवणाऱ्या बाईने स्वतःच्या शेगडीकडेही तेवढंच लक्ष द्यायला नको का?