शिवाजीनगरचे ‘शिवाजीअहिल्यानगर’ कसे झाले?

शिरूरच्या एका वाचकाने विचारलेला हा प्रश्न. गावे आणि रस्त्यांची यादी त्यांनी पायथन या संगणकभाषेने सुधारायला घेतली. ‘नगर’ हा पूर्ण शब्दच बदल, असे बजावूनही शिवाजीनगर बिघडले.

2024 मध्ये अहमदनगरचे, म्हणजे बोलण्यातल्या ‘नगर’चे, अहिल्यानगर झाले. पुण्याहून शिरूरमार्गे जाणारा रस्ता आणि दौंडहून मनमाडकडे जाणारी रेल्वे, दोन्ही तिथे पोचतात. त्यामुळे शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या जुन्या कागदांत ‘नगर’ पावलोपावली भेटते.

शब्दाची हद्द सांगायला उलटी तिरकी रेघ आणि ‘बी’ अशी खूण असते. एका बाजूला अक्षर आहे, दुसऱ्या बाजूला नाही, तिथे बांध. पण पायथनचे नेहमीचे ‘आरई’ मॉड्यूल वेलांटी, उकार, अनुस्वार यांना अक्षरांत धरतच नाही! ‘दौंड’मध्ये त्याला द आणि ड तेवढे दिसतात. ‘शिरूर’चे तीन तुकडे पडतात: श, र, र. शिवाजीनगरात ‘जी’ची वेलांटीच बांध ठरते आणि पुढचे ‘नगर’ सुटा शब्द होते. श्रीनगर, गांधीनगर यांचीही तीच गत. गणेशनगर मात्र सुखरूप राहते, कारण तिथे ‘न’च्या आधीचा ‘श’ मोकळा आहे.

ही चूक 2011 मध्येच पर्ल या दुसऱ्या संगणकभाषेचे जाणकार टॉम क्रिस्टियनसेन यांनी पायथनकारांना लेखी कळवली होती. युनिकोड या लिप्यांच्या प्रमाणाच्या नियमानुसार वेलांटी-उकारही शब्दाचाच भाग, हा त्यांचा मुद्दा. पर्ल हा नियम पाळते. या माणसाचे नाव मराठी संगणकवाल्यांना ठाऊक असायला हवे.

पायथनमध्येच राहायचे तर ‘रेजेक्स’ हे वेगळे मॉड्यूल घ्यावे. शिवाजीनगर वाचते. पण मग ‘नगरला’, ‘नगरहून’, ‘नगरच्या’ हे जुनेच राहतात, कारण मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि बांध त्याच्यापलीकडे जातो. म्हणून ला, हून, चा, ची, चे, च्या, मध्ये अशी यादी देऊन ‘नगरनंतर यांपैकी काही आले तरी चालेल’ असे सांगावे लागते. नगरपालिका, नगरसेवक त्यातून आपोआप वगळले जातात.

तरी एक ओळ हुलकावणी देतेच: ‘शिरूर नगर परिषद’. इथे ‘नगर’ खरोखरच सुटा शब्द आहे, दोन्ही बाजूंना मोकळी जागा आहे, पण ते गावाचे नाव नाही. पुढे ‘परिषद’ असेल तर हात लावू नकोस, एवढे यंत्राला सांगता येते. पण ते सांगायचे सुचायला आधी ती ओळ कुणीतरी वाचलेली असावी लागते.